गाठ कोठवर पोहोचली? फुफ्फुसाच्या कर्करोगात लसिका ग्रंथींची साक्ष

वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाला एक अनुभव ओळखीचा असेल. मैदानावर अनवाणी खेळताना पायात काटा मोडावा, दोन दिवसांत ती जागा पिकावी आणि तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण यावे. काटा तळपायात आणि ठणका जांघेत, हे कोडे त्या वयात कोणी उकलीत बसत नसे. वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवायला लावी, काटा निघे आणि आठवड्याभरात अवधाणही विरून जाई. स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायातील एखाद्या विषयावर लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती त्या अवधाणाची. मी विकृतिशास्त्राचा, म्हणजे सर्वजण ज्याला पॅथॉलॉजी म्हणतात त्या शास्त्राचा माणूस. सर्जनने शरीरातून काढून पाठविलेल्या ज्या गाठी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, त्यांपैकी पुष्कळशा त्या अवधाणाच्याच कुळातील असतात.

रक्तवाहिन्यांतून जो द्रव पेशींच्या भोवती पाझरतो, त्याचा काही भाग थेट रक्तात परतत नाही. तो अतिसूक्ष्म नलिकांच्या एका वेगळ्या जाळ्यातून वाहत जातो आणि अखेरीस गळ्याच्या तळाशी मोठ्या नीलांना येऊन मिळतो. या द्रवाला लसिका म्हणतात. त्याच्या वाटेवर जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या ग्रंथी असतात. त्या लसिका ग्रंथी. द्रवाबरोबर वाहत आलेले जंतू, मृत पेशी, धूळ, काजळी हे सारे तेथे अडविले जाते. काट्याबरोबर शिरलेले जंतू जांघेच्या चौकीवर अडले, तेथे झुंज झाली, ग्रंथी सुजली; त्यालाच आपण अवधाण म्हणतो. कर्करोगाच्या पेशीही मूळ गाठीपासून सुटल्या की पुष्कळदा याच वाटेने निघतात आणि याच चौक्यांवर प्रथम सापडतात. फरक एवढाच, की जंतू बहुधा तेथे मारले जातात. कर्कपेशी मात्र तेथे घर करू शकतात आणि पुढच्या प्रवासाला निघू शकतात.

फुफ्फुसाच्या कर्करोगात या चौक्यांना जे महत्त्व आहे ते समजावे म्हणून एक चित्र मांडतो. ही एका कुटुंबाची हकीकत नव्हे. अनेकांनी विचारलेल्या प्रश्नांवरून मनात जुळलेले हे चित्र आहे. साठी ओलांडलेले एक गृहस्थ, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत उमेद घालवून निवृत्त झालेले. खोकला काही केल्या जात नाही. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात तीन सेंटिमीटरची गाठ दिसते, बायोप्सीत कर्करोग ठरतो. मग पेट स्कॅन होतो आणि त्याच्या अहवालात एक ओळ येते, की छातीच्या मध्यभागातील ग्रंथीही ‘उजळलेल्या’ आहेत. तो कागद पाहून कोणीतरी जाणता सांगतो, ‘पसरला आहे, आता ऑपरेशन नाही.’ घरात रडारड सुरू होते. मुलगा रात्री फोन करून विचारतो, ‘दादा, सगळं संपलं का?’ अशा वेळी मी एकच उलट प्रश्न विचारतो : त्या ग्रंथीत सुई घालून काही काढले आहे काय? काढले नसेल, तर अजून काहीच ठरलेले नाही.

असे मी का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो.

फुफ्फुसाभोवतीच्या ग्रंथींच्या जागांना डॉक्टर क्रमांक देतात आणि त्या प्रत्येक जागेला चक्क ‘स्टेशन’ म्हणतात. ठाकुर्लीच्या माणसाला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. अशी १४ स्टेशने आहेत. क्रमांक १० ते १४ फुफ्फुसाच्या मुळाशी आणि त्याच्या आत आहेत. क्रमांक २ ते ९ ही दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, म्हणजे हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या शेजारी आहेत. क्रमांक १ गळ्याच्या तळाशी, कॉलर बोनच्या वरच्या अंगाला. कल्याणला जसे कसाऱ्याचा आणि कर्जतचा असे दोन मार्ग फुटतात, तशी मुख्य श्वासनलिका छातीच्या मध्यावर दुभंगून दोन फुफ्फुसांकडे जाते. त्या दुभंगाच्या नेमक्या खाली क्रमांक ७ आहे आणि सर्जनच्या दृष्टीने ते अत्यंत मोलाचे स्टेशन आहे.

कर्करोग कोणत्या स्टेशनापर्यंत गेला, यावरून ग्रंथींची अवस्था ठरते. कोठेच नसेल तर ‘एन ०’. त्याच फुफ्फुसातील किंवा त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींत असेल तर ‘एन १’. छातीच्या मध्यभागी, पण गाठीच्याच बाजूला, अथवा क्रमांक ७ मध्ये पोहोचला असेल तर ‘एन २’. विरुद्ध बाजूला गेला असेल किंवा कॉलर बोनच्या वर आला असेल तर ‘एन ३’. मूळ गाठीचा आकार व तिची व्याप्ती, ग्रंथींची अवस्था आणि दूरच्या अवयवांतील प्रसार ही तीन अंगे एकत्र धरून रोगाची स्टेज ठरविण्याची पद्धत फ्रेंच सर्जन पिएर दन्वा यांनी १९४०च्या दशकात मांडली. आज जगभर तीच, वेळोवेळी सुधारून, वापरली जाते. फुफ्फुसासाठीची तिची नववी आवृत्ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली असून तीत ‘एन २’चेही दोन भाग केले आहेत : मध्यभागातील एकाच स्टेशनावर रोग असणे वेगळे आणि अनेक स्टेशनांवर असणे वेगळे.

येथे लोकलच्या प्रवाशाला सहज कळेल अशी एक अडचण आहे. धीमी लोकल कल्याणनंतर ठाकुर्ली आणि मग डोंबिवली असा क्रम पाळते. जलद गाडी मात्र ठाकुर्लीला न थांबता पुढे निघून जाते, हे आपले जुनेच गाऱ्हाणे. कर्कपेशीही बहुधा धीम्या गाडीने जातात, परंतु काही वेळा त्या फुफ्फुसाच्या मुळाशी न थांबता थेट मध्यभागी उतरतात. मुळाशी असलेल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या, एवढ्यावरून पुढच्या स्वच्छ असतील असे गृहीत धरता येत नाही. फुफ्फुसाच्या वरच्या खंडातील गाठ बहुधा श्वासनलिकेच्या कडेच्या ग्रंथींकडे जाते, खालच्या खंडातील क्रमांक ७कडे. पण हेही ‘बहुधा’च. प्रत्येक स्टेशनावर उतरून पाहावे लागते.

हे पाहणे सर्जन एका दिवसात शिकले नाहीत. कर्करोगासाठी संपूर्ण फुफ्फुस एकाच टप्प्यात काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस येथे इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी केली. रुग्ण स्वतः डॉक्टर होते. पुढे, १९५० साली, ग्रॅहम यांनी अर्न्स्ट विंडर यांच्यासह धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा अभ्यास प्रसिद्ध केला. ते स्वतः वर्षानुवर्षे सिगारेट ओढत आले होते. १९५७ साली फुफ्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा अंत झाला. ज्यांचे फुफ्फुस त्यांनी काढले होते ते रुग्ण मात्र १९६३ पर्यंत जगले. फुफ्फुसाबरोबर ग्रंथीही पद्धतशीर काढाव्यात, हा विचार न्यूयॉर्कच्या विल्यम केहन यांनी १९५१ साली मांडला. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी १९५९ साली गळ्याच्या तळाशी छोटी चीर देऊन छातीच्या मध्यभागात नळी घालून ग्रंथी काढण्याची युक्ती सांगितली, ती मेडियास्टिनोस्कोपी. आणि स्टेशनांचा नकाशा? तो जपानच्या त्सुगुओ नारुके यांनी १९७८ साली दिला. मग जपानी नकाशा वेगळा, अमेरिकी वेगळा, असा गोंधळ तीस वर्षे चालला. एका देशातील ‘एन १’ दुसऱ्या देशात ‘एन २’ ठरे. सर्वांना मान्य असा एक नकाशा २००९ साली झाला, तेव्हा कोठे टोकियो आणि परळ येथील डॉक्टर एकाच गोष्टीविषयी बोलू लागले.

आता त्या ‘उजळलेल्या’ ग्रंथींकडे येऊ. सीटी स्कॅन ग्रंथीचा आकार सांगतो. एक सेंटिमीटरहून मोठी ग्रंथी संशयास्पद मानतात. परंतु मोठी ग्रंथी केवळ सुजलेली असू शकते आणि लहानशा ग्रंथीतही कर्कपेशी दडून बसलेल्या असू शकतात. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेली साखर शिरेतून देतात. ज्या पेशी अधिक साखर खातात त्या जागा चित्रात उजळतात. कर्कपेशी हावरट खऱ्या, पण जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही तेवढ्याच हावरट असतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तेथे छातीतील ग्रंथी उजळण्याचे एक अगदी साधे कारण क्षयरोग हे असते. तो रोग आज चालू असो, वा लक्षणे न दाखवता ग्रंथीत मुक्काम ठोकून असो. अमेरिकेत किंवा जपानात लिहिलेल्या पुस्तकाचा ठोकताळा कल्याणच्या रुग्णाला जसाच्या तसा लावला, तर ज्याची शस्त्रक्रिया होऊ शकली असती असा माणूस केवळ एका चित्रामुळे टेबलापासून परत जाईल.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला रोज दिसते. शहरी माणसाच्या फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी कापल्या की आतून कोळशासारख्या काळ्या निघतात. आयुष्यभर श्वासाबरोबर आत गेलेली काजळी तेथे साठलेली असते. चुलीपुढे वर्षे काढलेल्या स्त्रीच्या ग्रंथीही तशाच, तिने विडी कधी हातात धरलेली नसली तरी. आपल्या ठाकुर्लीत चोळ्याला रेल्वेचे कोळशावर चालणारे वीजघर होते. ते बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी जुन्या पिढीला त्याची राख आठवत असेल. कोणाच्या ग्रंथीतील कोणता कण कोठून आला, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही आणि मी तसा दावाही करीत नाही. परंतु अशा काजळीने भरलेल्या ग्रंथीही पेट स्कॅनमध्ये कधी कधी उजळतात, हे खरे.

म्हणून चित्रावर निकाल देऊ नये, ऊती पाहावी. हे पूर्वी अवघड होते. आज त्यासाठी ‘एबस’ नावाची तपासणी उपलब्ध आहे. तोंडावाटे श्वासनलिकेत बारीक दुर्बीण उतरवितात. तिच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र असते. नलिकेच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर पाहत पाहत तीत सुई घालून नमुना घेतात. चीर नाही, टाका नाही, बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. डाव्या बाजूच्या महाधमनीलगतच्या क्रमांक ५ व ६ या स्टेशनांपर्यंत ही सुई सहसा पोहोचत नाही, तेथे अन्य मार्ग शोधावा लागतो. सुईत काही सापडले नाही पण संशय दाट असेल, तर कार्लेन्स यांची जुनी मेडियास्टिनोस्कोपी अजूनही कामी येते. घेतलेल्या नमुन्याचा एक भाग क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठी आणि कल्चरसाठी पाठविण्यास डॉक्टरांना आवर्जून सुचवावे. तो फॉर्मालिनमध्ये टाकल्यावर कल्चर होत नाही. ही गोष्ट आधी लक्षात ठेवली तर सुई दुसऱ्यांदा घालावी लागत नाही.

याच नाण्याची दुसरी बाजू मला अधिक छळते. थुंकीत जंतू सापडलेले नाहीत, बायोप्सी झालेली नाही, केवळ एक्स-रेवरील सावली पाहून ‘एकेटी सुरू करून पाहू’ असे ठरते. सहा महिने औषधे चालतात. सावली तेथेच असते, माणूस खंगत जातो. सातव्या महिन्यात माझ्याकडे नमुना येतो तो कर्करोगाचा, आणि तोवर ‘एन १’चा ‘एन ३’ झालेला असू शकतो. क्षयाला कर्करोग समजणे आणि कर्करोगाला क्षय समजणे या दोन्ही चुका एकाच कारणाने होतात : ऊती कोणी पाहिलेली नसते. त्यातही दोन्ही रोग एकाच छातीत एकत्र नांदू शकतात, हे विसरू नये. पन्नाशीपुढच्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाची सावली दोन महिन्यांच्या औषधांनीही हलली नाही, तर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीचा आग्रह धरावा. आपल्याकडे धूम्रपान न केलेल्या माणसांतही, स्त्रियांतही, हा रोग दिसतो. तेव्हा ‘ते तर निर्व्यसनी आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही.

शस्त्रक्रिया ठरली, की सर्जन सामान्यतः फुफ्फुसाचा गाठ असलेला खंड काढतात. उजवीकडे असे तीन खंड असतात, डावीकडे दोन. नातेवाईक विचारतात, ‘गाठ पूर्ण निघाली ना?’ याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारणारे फार थोडे : ग्रंथी कोणकोणत्या स्टेशनांवरच्या काढल्या? आजचा मान्य संकेत असा, की मध्यभागातील किमान तीन स्टेशने, त्यांत क्रमांक ७ धरून, आणि फुफ्फुसाच्या मुळाशी असलेले निदान एक स्टेशन तपासले गेले पाहिजे. ग्रंथी काढल्याने रोग समूळ धुतला जातो, अशी एक भाबडी समजूत आहे. अमेरिकेत हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आरंभीच्या अवस्थेतील रोगात प्रत्येक स्टेशनावरचे नमुने नीट तपासून ते स्वच्छ आढळले असतील, तर सर्वच ग्रंथी खरवडून काढल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मात्र नमुने स्वच्छ ठरलेल्या या रुग्णांपैकी सुमारे ४ टक्क्यांमध्ये, सर्व ग्रंथी काढल्यावर, मध्यभागी लपलेला कर्करोग सापडला. माझ्या मते या अभ्यासाचा अर्थ स्पष्ट आहे. ग्रंथी काढण्याचा मोठा लाभ रोग कोठवर गेला हे कळण्यात आहे, आणि जेथे पाहिलेच नाही तेथे रोग नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येथे माझ्या टेबलावरची एक तक्रार सांगू द्या. प्रत्येक स्टेशनावरच्या ग्रंथी वेगळ्या बरणीत, बरणीवर क्रमांक लिहून आल्या, तर अहवालात मी स्वच्छ लिहू शकतो की क्रमांक ४ मध्ये रोग आहे, क्रमांक ७ मध्ये नाही. कधी मात्र एकाच बरणीत दहा-बारा ग्रंथी तरंगत येतात आणि वर नुसते ‘ग्रंथी’ असे लिहिलेले असते. त्यांपैकी दोन ग्रंथींत कर्करोग दिसला, तरी तो ‘एन १’ की ‘एन २’ हे जगातील कोणताही सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. आणि त्यावर तर पुढचे उपचार अवलंबून असतात.

ते किती अवलंबून असतात, याचा अंदाज आकड्यांवरून येईल. १९९९ ते २०१० या काळात निदान झालेल्या अनेक देशांतील रुग्णांच्या एकत्रित नोंदी आठव्या आवृत्तीसाठी तपासल्या गेल्या. शस्त्रक्रियेनंतर ग्रंथींची अवस्था ‘एन ०’ ठरलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के, ‘एन १’पैकी ४९ टक्के, ‘एन २’पैकी ३६ टक्के आणि ‘एन ३’पैकी २० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. हे आकडे समूहाचे आहेत, समोर बसलेल्या एका माणसाचे नव्हेत. शिवाय त्यानंतर औषधे पुष्कळ बदलली आहेत. लहान गाठ आणि ‘एन ०’ असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया पुरते. ‘एन १’ निघाला तर तिच्यानंतर केमोथेरपी देतात. ‘एन २’ आधीच सिद्ध झाला असेल, तर प्रथम केमोथेरपी, आता अनेकदा इम्युनोथेरपीसह, आणि मग शस्त्रक्रिया की रेडिएशन याचा निर्णय सर्व तज्ज्ञ एकत्र बसून घेतात. ‘एन ३’मध्ये सर्जन सहसा हात घालीत नाहीत, पण रेडिएशन व औषधांचा मार्ग खुला राहतो. काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असतो आणि त्यांच्यासाठी गोळ्या आहेत. म्हणून बायोप्सीच्या त्याच नमुन्यावर जनुकीय चाचणी होईल का, हेही विचारावे.

ठाकुर्लीहून हे सारे फार दूर नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. आमच्या शास्त्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, तेथील पॅथॉलॉजीचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. या रुग्णालयाशी जोडलेले दुसरे मोठे केंद्र खारघरला आहे. बाहेरगावच्या रुग्णांना व नातेवाइकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व उपचार समाविष्ट आहेत. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून, पैसे भरण्यापूर्वी चौकशी करावी. भरल्यावर केलेली चौकशी बहुधा उशिराची ठरते.

चित्रातल्या त्या गृहस्थांच्या ग्रंथीत सुई गेली तर काय निघेल, हे आधी सांगता येत नाही. कर्कपेशी निघाल्या तर उपचारांचा क्रम बदलेल. क्षयाच्या खुणा निघाल्या आणि अन्य स्टेशनेही स्वच्छ असली, तर क्षयाची औषधे सुरू करून शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा मांडता येईल. दोन्ही प्रसंगी त्यांना बहुधा दुसऱ्या रुग्णालयात दाखवावे लागेल, आणि तेथे केवळ अहवालाचा कागद चालत नाही. तेथील पॅथॉलॉजिस्ट मूळ ऊती स्वतः पाहतात. पहिल्या ठिकाणाहून काचेच्या स्लाइड आणि मेणात बसविलेले ऊतींचे ठोकळे, ज्यांना ब्लॉक म्हणतात, ते मागून घ्यावेत. प्रयोगशाळा ते सही घेऊन देतात. स्कॅनच्या सीडीही सोबत असाव्यात. सकाळची धीमी लोकल पकडताना ही पिशवी हातातच ठेवावी, आणि उन्हाळा असेल तर खिडकीशी ठेवू नये. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हाने मऊ पडतात.